रशियाचं तेल आणि मामांचा पोळा

२० जुलै, रविवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं मार्चमध्ये दिली. तेव्हापासून रोज म्हणतो, उद्यापासून लिहू. एप्रिलमध्ये एकदा पेन घेऊन बसलो होतो, पण प्रत्येक पानाच्या खाली बियाण्याची जाहिरात आहे, ती वाचत बसलो आणि झोप लागली. आज मामा म्हणाले, "पियुष्या, सारा दिवस मोबाईल घासत असतं. लिवत जाय काही. डोकं एका जागी राहीन."

तर लिहितो. बी.ए.चं दुसरं वर्ष अमरावतीत सोडलं. मग पुण्यात एका गोदामात, मग सुरतेत, मग अकोल्यात हॉटेलच्या काउंटरवर. कुठंच जमलं नाही असं नाही. जमायला लागलं की मला बाहेरचा रस्ता दिसतो. मार्चपासून खुशालमामांकडे आहे. गाव धामणगाव रेल्वेच्या जवळच. मामा, मामी, काळं वावर, बादल आणि लाख्या ही बैलजोडी. मुलगी प्रणाली मोर्शीला दिली. आणि मुलगा गोपाल.

गोपाल माझ्याच वयाचा. मी भटक्या, तो सरळ. आयटीआय फिटर. जानेवारीत अकोल्याच्या एका एजंटामार्फत रशियात गेला. गोदामात मशीनवरचं काम आहे म्हणाले. तिथं रशियन भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि गोदामाऐवजी वर्दी दिली. आता तो लढाईत आहे. कोणाच्या बाजूनं ते माहीत आहे, काहून ते माहीत नाही. जूनच्या सुरुवातीला त्याचा शेवटचा फोन आला. म्हणे, "पियुष, पाऊस आला की इथली माती बी आपल्यासारखीच बुटाले धरते. काळी कुळकुळीत. कापसाची पराठी लावली तं मस्त येईन." मग म्हणे फोन जमा करून घेतात, ठेवतो. त्यानंतर काही नाही.

त्या एजंटाच्या दुकानाला आता कुलूप आहे. मामा आणि मी दोनदा अकोल्याला जाऊन पाहून आलो. दुसऱ्या खेपेला बाजूच्या मोबाईलवाल्यानं सांगितलं, "काका, इथं रोजच कोणी ना कोणी येते. चहा घ्याल?"

२२ जुलै

आज मामांसोबत अमरावतीला गेलो. सरकारी दवाखान्यात बोलावलं होतं, कुठून तरी वरून आदेश आला म्हणे. मामांचं रक्त घेतलं आणि कापसाची काडी तोंडात घालून गालाच्या आतून फिरवली. ती एका नळीत टाकून वर मामांचं आणि गोपालचं नाव लिहिलं. तिथली बाई फार कमी बोलली. मामांनी विचारलं, "मॅडम, हे कायच्यासाठी?" ती म्हणाली, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" मग तिनं दुसऱ्या एकाला आत बोलावलं आणि मला बाहेर बसवलं.

मला वाटतं, बाप खरा आहे की नाही ते तपासत असतील. उद्या गोपालला सोडायचं म्हटलं तर कोणाच्या ताब्यात देणार? एवढं तर कोणीही समजू शकते. मामांना तसं म्हणालो तर म्हणाले, "हो. तसंच असंन." आणि मग, "घरी सांगू नको."

पण माझ्या तोंडात काही राहत नाही. मामी डाळ निवडत होती, बोलता बोलता सांगून बसलो की मामांचं रक्त घेतलं. तिनं विचारलं, "तोंडातून बी घेतलं?" मी म्हणालो, हो, तुले कसं मालूम? म्हणाली, "टीव्हीवर दाखवते." आणि डाळ निवडत राहिली. निवडलेली डाळ तिनं पुन्हा सुपात ओतली आणि पहिल्यापासून निवडायला लागली.

७ ऑगस्ट

मध्ये लिहिलं नाही. लाख्याच्या खुराला जखम झाली होती, तिच्यात गेले दिवस. आणि दोन दिवस कोणी तरी गावात माकड आणलं होतं.

आज जिनिंगसमोरच्या बंडूच्या टपरीवर मोठी रंगत आली. अमेरिकेनं आपल्या मालावर आणखी पंचवीस टक्के लावले, म्हणजे आता पन्नास. कारण आपण रशियाचं तेल घेतो. रिटायर्ड देवीदास सर पेपर घेऊन बसलेच होते. ते भूगोल शिकवायचे, अजून कोणताही विषय नकाशापासून सुरू करतात. टेबलावर बिस्किटं मांडून त्यांनी देश दाखवले. रशिया म्हणजे अख्खा पुडा.

सर म्हणाले, "लढाई सुरू झाली तेव्हा सगळ्या जगानं रशियाचं तेल सोडलं. आपण घेतलं. स्वस्त घेतलं. तीन वर्षांत देशाचे किती अब्ज वाचले, आकडा वाचू का?"

चंद्रभान अडत्या म्हणाला, "आकडा वाचू नका सर, डिझेल कितीनं उतरलं तेवढं वाचा."

सगळे हसले. सर म्हणाले, "ते वेगळं."

"वेगळं कसं? फायदा झाला तो तुमच्या देशाचा, आणि आता मार बसते तो आमच्या कापसाले. तिकडे कपडा गेला नाही तं गिरणीवाला गाठी कायले घेईन? गाठी गेल्या नाही तं मी खुशालभौचा कापूस कायले घेऊ? त्याचं लोणचं घालू?"

मग सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. वादात मामांच्या शब्दाला इथं वजन आहे. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि बोलताना ते मिशीचं टोक असं ओढतात की समोरच्याला वाटते आपलंच काही तरी ओढलं. मामा म्हणाले, "चंद्रभान, तू अडत्याच राहशीन. एकाहत्तरच्या लढाईत अमेरिकेनं आपल्यावर जहाज पाठवलं होतं, तवा कोण उभं राहिलं? रशिया. दोस्त लढाईत फसला म्हणून का त्याले सोडून द्याचं? चार पैशाचं नुकसान होईन, होऊ दे. उद्या चीननं डोळे दाखवले तं अमेरिका येईन काय तुह्या घरी?"

"दोस्त हाय तं मंग आपल्या पोराईले काहून..." चंद्रभान एवढं बोलला आणि थांबला. बंडूनं कपबशा जोरात आपटल्या. सरांनी रशियाचा पुडा उचलून खिशात टाकला.

मामा म्हणाले, "बोल ना. बोल. गोपाल दोस्ताच्याच घरी हाय. म्हणूनच मले घोर नाही."

परत येताना गाडीवर मागं बसून मी मामांना म्हणालो, आज तुम्ही जिंकले. त्यांनी गाडी थांबवली. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, सगळे तेलाचे टँकर. किती डबे होते ते मी मोजायला लागलो आणि मध्येच विसरलो.

९ ऑगस्ट

राखी. प्रणाली मोर्शीहून आली, संध्याकाळीच गेली. मला बांधली. गोपालची देव्हाऱ्यात ठेवली. ती जाताना मामी म्हणाली, आता महालक्ष्म्यांना येजो, तोवर सासू सोडणार नाही.

१५ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते अजून डोक्यात बसून नाही राहिलं.

परवा मामांना अमरावतीहून फोन आला. काल सकाळी ते एकटेच गेले. मी येतो म्हटलं तर म्हणाले, बैलाकडे पाहाय. रात्री परत आले नाहीत. मामीनं विचारलंही नाही कुठं राहिले.

आज दुपारी शाळेतली पोरं झेंडावंदनाचे लाडू खात फिरत होती, तेव्हा मामा एसटीनं आले. मी ओळखलंच नाही. डोकं तासलेलं आणि मिशा साफ. मिशा! वरचा ओठ पांढरा फट, जसा काही कोण्या दुसऱ्या माणसाचा आणून लावला. मी हसलो. खरं लिहायचं तर हसलो.

मामा ओट्यावर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "कौंडण्यपूरले गेल्तो. नवस होता. गोपाल साजरा, सुखरूप घरी यावा म्हणून केस देले."

मामी दारात आली. मामांकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारेल, मिशा कोणत्या देवाला लागतात? पण ती आत गेली आणि चुलीवर पाणी ठेवलं. बादली अंगणात आणून ठेवली. म्हणाली, "बाहेरच आंघोळ करून घ्या. एसटीतली धूळ हाय." कपडेही तिनं हात न लावता काडीनं उचलले आणि भिजवले. एसटीत एवढी धूळ कुठून येते, पाऊस पडून राहिला तर.

संध्याकाळी जेवायला फोडणी नसलेलं वरण आणि भात. मी म्हणालो, मामी, लसूण संपला काय? मामा म्हणाले, "गुपचूप जेव. चांगलं हाय."

टीव्हीवर सांगत होते, अमेरिकेचा आणि रशियाचा अध्यक्ष आज अलास्कात भेटणार, लढाई थांबेल. मी म्हणालो, "मामा, पाहा, नवस फळला!" मामांनी टीव्ही बंद केला. मामीनं लगेच म्हटलं, "राहू द्या ना सुरू. पियुष पाहून राहिला." मग मामांनी पुन्हा लावला. आम्ही तिघंही पाहत बसलो. त्या दोघांना अलास्का कुठं आहे हेही विचारावंसं वाटलं नाही.

२० ऑगस्ट

अलास्कात काहीच झालं नाही. लढाई सुरू आहे.

इकडे दुसराच भडका. सरकारनं परदेशी कापसावरची ड्युटी काढली. टपरीवर चंद्रभान उभा राहूनच बोलत होता. "आता अमेरिकेचा कापूस येईन. ब्राझीलचा येईन. आन् खुशालभौचा? त्याच्या गाद्या भरा! हे सारं कायच्यानं झालं? तेलानं. लढाई कोणाची, तेल कोणाचं, कपडा कोणाचा, आन् मरते कोण? वऱ्हाड!"

देवीदास सर म्हणाले, "गिरण्या वाचल्या पाहिजेत. माल महाग पडला तर ऑर्डर जाईल. देश चालवताना पूर्ण ताळेबंद पाहावा लागतो. एका बाजूला तेलातली बचत, दुसऱ्या बाजूला निर्यातीचं नुकसान, तिसऱ्या बाजूला मैत्री. शस्त्रं कोण देतं? सुटे भाग कोण देतं? सगळं धरून पाहिलं तर अजून आपण फायद्यातच आहोत."

मामा आज टपरीच्या बाहेर, लाकडी बाकावर बसले होते. पाच दिवस झाले, ते आतच येत नाहीत. बंडूनं त्यांना चहा कागदी कपात दिला, काचेच्या ग्लासात नाही. मला राग आला, पण मामांनीच तसं मागितलं म्हणे.

मामा बाहेरूनच म्हणाले, "सर, हिशोबात सगळं धरलं ना?"

सर म्हणाले, "सगळं धरलं खुशालराव."

"मंग ठीक हाय."

एवढंच. दोस्ती नाही, एकाहत्तर नाही, चीन नाही. वाद हरल्यासारखे उठून चालायला लागले. अर्धा चहा तसाच. मी मागं धावलो. म्हणालो, मामा, तुम्ही काहून सोडून दिलं? तुमच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं. मामा म्हणाले, "तूच सांगजो. पोळ्याले झडती तू म्हण यंदा."

झडती म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली म्हणायचं टोमण्याचं गाणं; गेली कित्येक वर्षं आमच्या गावात पहिली झडती मामांची असते. बैल उभे असतात, सगळा गाव असतो, आणि मामा असा टोला हाणतात की सरपंचही हसतात आणि आमदारही. हसावंच लागते, पोळ्याच्या दिवशी झडतीचा राग धरत नाहीत. आणि यंदा मला म्हणतात, तू म्हण. मी खूश झालो. मग वाईटही वाटलं. मग यमक जुळवत बसलो.

२१ ऑगस्ट

आज खांदमळणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मामा गोठ्याच्या बाहेर थांबले. म्हणाले, "तू कर. तू भाचा हायस, तुले चालते."

मी म्हटलं, काय चालते? मामा म्हणाले, "अरे, चालते म्हणजे चालते."

मग त्यांनी बाहेरूनच सांगितलं, मी आतून केलं. लाख्या माझ्या हाताला हुंगत होता, मान फिरवून फिरवून मामांकडे पाहत होता. मामांनी हात पुढे केला आणि मागं घेतला.

मामी म्हणाली, तिचा हात मुरगळला. म्हणून शेजारच्या पार्बताबाईला उद्या पुरण घालायला आणि बैल ओवाळायला बोलावलं. पार्बताबाई आली, मामीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "चुलीचा धूर लय हाय वं कौसल्या तुह्या घरी." चूल पेटलेली नव्हती.

मामी मला परसात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाबू, सण चांगला कर. तुहे मामा उदास हायत. त्याईच्यासाठी कर."

आणि संध्याकाळी मामा मला पाराजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, "मामीले काही कमी पडू देऊ नको. तिले वाटलं पाहिजे सण झाला."

दोघंही मलाच काहून सांगतात, एकमेकांना नाही? मी दोघांनाही हो म्हणालो. मग शिंगं रंगवायला बसलो, हिंगूळ हाताला लागला, त्यानं डायरीचं हे पान असं झालं.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळपासून पाऊस होता, दुपारी उघडला. झुली, घुंगरमाळा, बेगड. बादल तर नवरदेव दिसत होता. बैलजोडी मी धरली. मामा शेवटी, पाराच्या पलीकडे, निंबाखाली उभे होते. टोपी खाली ओढलेली.

माझी बारी आली. कासरा घट्ट धरला आणि म्हटलं,

आभाळ गडगडे, धरती हाले,
रशियाच्या तेलासाठी जहाज चाले,
तेल झालं सस्तं म्हणून दिल्ली नाचे,
वऱ्हाडाच्या कापसाले अमेरिका टोचे,
लढाई तिकडची, धग आमच्या वावरा,
देवीदास सर म्हणे, थोडा दम धरा!
हर बोला, हर हर महादेव!

काय ओरडली लोकं! सर स्वतः टाळ्या वाजवत होते. चंद्रभाननं मला खांद्यावर घेतलं. बंडूनं सगळा व्हिडिओ काढला. मग कोणी तरी हाक मारली, "खुशालभौ, भाच्याले जवाब द्या! तुमची झडती झाल्याशिवाय तोरण तुटत नाही!" सगळे वळले. मामांनी नुसती मान हलवली. पुन्हा हाक. तेव्हा ते म्हणाले, "पोरानं म्हटलं ना सगळं. बरोबर म्हटलं." आवाज एवढा बारीक की मागून चंद्रभानला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.

तोरण तुटलं, बैल धावले. घरी पार्बताबाईनं ओवाळलं. मामी दाराच्या आत उभी, मामा फाटकाच्या बाहेर उभे, मध्ये बैल आणि मी. पुरणपोळी बैलांनी खाल्ली, मी खाल्ली. मामी म्हणाली तिचा उपास. मामा म्हणाले त्यांचं पोट बिघडलं.

व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला. अमरावतीच्या मित्रांचे, पुण्याच्या मित्रांचे किती मेसेज आले. एकानं लिहिलं, भाऊ तू यूट्यूबवर ये. बराच वेळ तेच डोक्यात होतं. चॅनलचं नाव काय ठेवावं. मग वाटलं, ही झडती गोपालला पाठवावी. पाठवली. एकच टिक.

या घरात यंदा सण झाला, आणि कोणीच केला नाही. यापुढे मला विचार करायचा नाही. उद्या मी अकोल्याला निघून जाईन. तिथं काही तरी असेल.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

बॅग भरलेली आहे, पण लहान पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून राहिली, त्यांना बोजारा म्हणजे खाऊ-पैसे द्यायला मामीनं मला ओट्यावर बसवलं. म्हणून इथंच लिहीत बसलो. शेखरचा बैल चाकाचा आहे, शिंगाला लाल दिवा. खुशीचा बैल तर गाय आहे, पण तिला कोणी सांगितलेलं नाही.

मामा बाजेवर. मामी आत. टीव्हीवर पुन्हा तेच, चर्चा, चार जण, चार चौकटी. एक म्हणतो आपण तेल थांबवलं तर भाव भडकेल, दुसरा म्हणतो नाही थांबवलं तर निर्यात मरेल. कोणीही चुकीचं बोलत नाही.

बाहेर काही तरी आवाज

बाईच्या रडण्याचा आहे. गावाबाहेरच्या फाट्यापासून येतो. इथं मयताच्या घरी येणाऱ्या बाया अशाच वाटेवरून शब्द काढत, नाव घेत रडत येतात. कोणाकडे मयत झाली? सकाळी तर कोणी काही बोललं नाही. पोरं बैल उचलून बाजूला झाली. पार्बताबाई बाहेर आली.

ती ऑटोतून उतरून चालत येते. डोक्यावरचा पदर पडलेला. आमच्याच गल्लीत वळली. नाव गोपालचं घेते.

प्रणाली आहे.

 मामांनी विचारलं नाही, काय झालं. मामी बाहेर आली, तिनंही विचारलं नाही. दोघं एकमेकांकडे पाहून राहिले. प्रणाली फाटकापाशी थांबली, आत आली नाही. म्हणाली, "तुमच्या जावयानं पेपरात गोपालचं नाव पायलं होतं बाबा, मी आठ रोज तुमच्यापासून लपवून राहिली. काल पियुषच्या व्हिडिओत मांगं निंबाखाली तुमचं तोंड दिसलं. मिशा नाही दिसल्या."